आधी तराजू, मग भिंग

प्रिय,

पेल्याचे फोटो मिळाले. अष्टकोनी घडण, गोल कडीचा कान, प्रत्येक पैलूवर एक वादक. विकणारा म्हणतो, ‘तांग काळातला (चीन, सातवं ते दहावं शतक) आहे, अस्सल सोन्याचा आहे.’ दुसरं विधान खरं असेलही, पण त्यावरून पहिलं सिद्ध होत नाही. लोक फसतात ते नेमके इथेच. सोन्यावर काशासारखा हिरवा थर चढत नाही. त्यात कार्बन नाही, म्हणून कार्बन-१४ ची चाचणीही चालत नाही. शिवाय जुनं सोनं मोडून नवं घडवायची रीत सगळीकडेच आहे. तेव्हा धातूचं वय विचारण्यात अर्थ नाही. विचारायचं ते कामाचं वय.

संग्राहक तुला आधी कॅरेटमीटरकडे, म्हणजे सोन्याचा कस मोजणाऱ्या यंत्राकडे, पिटाळतील. जरूर जा, पण ते यंत्र काय सांगू शकतं ते ओळखून जा. ते पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतं. पारा दिसला तर तो सोन्याचा मुलामा असण्याची शक्यता मोठी, कारण चिनी कारागीर सोनं-पारा एकत्र करून चांदीवर, तांब्यावर लावत आणि तापवून पारा उडवत. ‘सोन्याची’ म्हणून फिरणारी बरीच भांडी अशी मुलाम्याची असतात. झाळीत, म्हणजे जोडाच्या धातूत, कॅडमियम निघालं, म्हणजे आपल्याकडच्या सराफांचं ‘केडीएम’, तर ती झाळ जुनी नाही. कॅडमियमचा शोधच १८१७चा. पण तेवढ्यावरून भांडंच बनावट ठरत नाही, कुणी नंतर कान पुन्हा बसवलेला असू शकतो. चांदी-तांब्याचा मागमूस नसलेलं, ९९.९९ टक्के सोनं दिसलं तर मात्र सावध हो, ती आधुनिक विद्युत शुद्धीकरणाची खूण आहे. थोडक्यात, यंत्र ‘नाही’ म्हणू शकतं, ‘हो’ म्हणण्याची त्याची ऐपत नाही. बनावट करणाराही कॅरेटमीटर वापरतोच की!

मी आधी तराजू काढतो. चीनमधल्या शीआन शहराजवळ हजियात्सुन इथे १९७० मध्ये पुरलेला ठेवा सापडला, त्यात कमळपाकळ्यांच्या उठावाचा एक सोन्याचा वाडगा आहे. वजन सुमारे ३९१ ग्रॅम. आतल्या बाजूला शाईने लिहिलंय, ‘साडेनऊ लियांग’. लियांग हे चिनी वजनाचं माप. भागाकार कर: एका लियांगला ४१ ग्रॅमच्या थोडं वर. तांग काळाचा लियांग साधारण तेवढाच होता. पुढे मिंग-छिंग काळात (चौदावं ते विसाव्या शतकाची सुरुवात) तो ३७ ग्रॅमच्या आसपास उतरला. म्हणून भांड्यावर वजन लिहिलेलं असेल तर ते कुठल्या काळच्या मापाने जुळतं ते पाहायचं. तांग म्हणून विकलं जाणारं भांडं ३७च्या हिशोबाने जुळलं तर लेख तरी खोटा, नाहीतर काळ तरी. जुळलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, हा हिशोब बनावट करणाऱ्यालाही येतो. आणि ती नोंद शाईची आहे हे विसरू नकोस. भांडं हातात आल्याबरोबर रिठ्याच्या पाण्यात घालून लखलखीत करणारे महाभाग मी पाहिले आहेत. तारखेचा पुरावाच मोरीत जातो. कसोटीच्या दगडावर घासणं तर मनातही आणू नकोस.

मग भिंग. तांग कामात आकृत्यांमागची मोकळी जागा बारीक वर्तुळांनी भरलेली असते. चिनी अभ्यासक तिला माशाच्या अंड्यांची नक्षी म्हणतात. पोकळ टोकाचा ठसा हातोडीने एकेकदा मारून हे वर्तुळ उमटतं. दहापट भिंगाखाली बघ. नंतरचं वर्तुळ आधीच्याची कड कापतं, खोली कमीजास्त असते, एखादं आकृतीच्या रेषेवर अर्धवट चढलेलं असतं. ठशाला खोक असेल तर तीच खोक वर्तुळावर्तुळात पुन्हा दिसते, फक्त ठसा हातात फिरेल तशी दिशा बदलते. साच्यातून ओतलेल्या नकलेत या कडा बोथट होतात आणि खाचांमध्ये ओतकामाचे सूक्ष्म दाणे राहतात. बुडाच्या कडेवरचे ओरखडेही पाहा. वापराने पडलेले ओरखडे वेगवेगळ्या खोलीचे, वेगवेगळ्या दिशांचे असतात. सगळे एकाच जातीचे असले की ते कुणीतरी मुद्दाम पाडलेले समज.

एक इशारा. बुडावर मध्यबिंदू आणि गोल-गोल रेषा दिसल्या की नवखे ‘मशीनवरचं’ म्हणून मोकळे होतात. हजियात्सुनच्या भांड्यांवरही चरकावर फिरवल्याच्या तशा खुणा आहेत.

आकारावरून काळ ठरवताना घाई नको. तुझ्या पेल्यासारखे अष्टकोनी, वादकांचे पेले हजियात्सुनमध्ये आहेत. तो ठेवा आठव्या शतकात पुरलेला मानतात. नेमकं कुठलं वर्ष, यावर अभ्यासकांत वाद आहे. तसाच एक पेला इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ बुडालेल्या जहाजात १९९८ मध्ये मिळाला, तो आता सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये आहे. त्या जहाजातल्या एका मातीच्या वाडग्यावर ८२६ सालची तारीख आहे. म्हणजे एकच घाट पिढ्यान्‌पिढ्या चालत होता.

खरी तारीख बहुधा शेजाऱ्याकडून मिळते. चीनच्या हुबेई प्रांतात झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर १९७८ मध्ये उकरली. तिथला झाकणाचा सोन्याचा वाडगा दोन किलोहून जड आहे, आणि काशाच्या भांड्यासारखा ओतलेला. त्यावर तारीख नाही. पण त्याच कबरीतल्या काशाच्या घंटेवर छू राज्याच्या राजाच्या कारकिर्दीचं छप्पन्नावं वर्ष कोरलंय, म्हणजे इ.स.पू. ४३३. त्या घंटेमुळे कबरीचा काळ ठरला आणि वाडग्याचाही. कबरीतून चोरून बाजारात आणलेल्या भांड्याचा हा शेजार कायमचा तुटतो. चोरीच्या मालाबद्दलचा माझा राग निव्वळ कायद्यापुरता नाही.

मिंग-छिंग दरबाराचं काम तुलनेने सोपं, कारण पुष्कळ भांड्यांवर साल, वजन, कधी सोन्याचा कस कोरलेला असतो. ते प्रकरण आलं की बोलू.

आता तुझ्या पेल्याचं. वजन ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत घे. टॉर्च आडवा धरून बुडाचे, आतल्या बाजूचे आणि कान जोडलाय त्या जागेचे फोटो काढ. विकणाऱ्याने सगळे दर्शनी बाजूचेच पाठवलेत, हेही मला खटकलं. हा पेला चीनबाहेर कधी आला याचे कागद माग, आणि १९७०च्या (चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराचं साल) आधीचा एकही कागद नसेल तर आपलं मत लेखी देऊ नकोस, पेला कितीही चांगला वाटला तरी. धुऊ नकोस, पुसूही नकोस. आणि पेला घेऊ पाहणाऱ्या गृहस्थांना सांग, हे सगळं येईपर्यंत विसार देऊ नका.

तुझा,
सर