तुमच्या हातात किती महिने आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 26, नोकरीला तीन वर्षं झाली, पगार दोनदा वाढला, तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात खडखडाट. आर्थिक सुरक्षितता आणि एकूणच यश हवं असेल तर मूलभूत सवयी कोणत्या लावाव्यात, आणि त्या अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

मी आर्थिक सल्लागार नाही. पण तुमच्या वयाचा असताना माझी अवस्था तुमच्याहून वाईट होती, कारण मला हा प्रश्नच पडलेला नव्हता. तो पडला एका शुक्रवारी संध्याकाळी, आमचा अख्खा विभाग बंद झाल्याचं कळलं तेव्हा. घरी येऊन कागदावर मांडलं: खात्यात किती, कोणाचं देणं किती, पुढचं भाडं कधी, हप्ता कधी. माझ्याकडे अकरा दिवस होते. बाराव्या दिवशी काय, याला उत्तर नव्हतं. मग जी पहिली नोकरी मिळाली ती घेतली. पगार आधीपेक्षा कमी, काम माझ्या शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेलं. तिथून बाहेर पडायला तीन वर्षं गेली. नोकरी गेल्याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही, ती तीन वर्षं मात्र अजून टोचतात.

त्या दिवसापासून मी शिल्लक महिन्यांत मोजतो. आज उत्पन्न थांबलं, तर आहे त्याच राहणीत किती महिने निघतील? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हा एकच आकडा काढायचा: हाताशी असलेले पैसे भागिले महिन्याचा खरा खर्च. ‘हाताशी’ म्हणजे दोन-चार दिवसांत मिळतील असे. घर, दागिने, कुणाला दिलेले उसने यात धरायचे नाहीत. एकच सवय लावणार असाल तर ही लावा, बाकीच्या तिच्यामागून येतात.

याचं कारण गणितात आहे. पगाराचे दहा टक्के बाजूला टाकणारा माणूस नव्वद टक्क्यांत राहतो, म्हणजे एका महिन्याचा खर्च साठवायला त्याला नऊ महिने लागतात. वीस टक्के टाकणाऱ्याला चार. तिसरा हिस्सा टाकणाऱ्याला दोन. निम्म्यात भागवणाऱ्याला एकच. सहा महिन्यांची पुंजी उभी करायला पहिल्याला साडेचार वर्षं लागतील आणि दुसऱ्याला दोन. बचत दुप्पट केली पण वेळ निम्म्याहूनही कमी झाला, कारण खर्च उतरला की साठवायचं लक्ष्यही खाली येतं. काटकसरीचा हा दुहेरी फायदा लोकांच्या लक्षात येत नाही.

उलट्या बाजूनंही तेच होतं. तुमचे पगार वाढले आणि हात रिकामाच राहिला, त्याचं उत्तर इथे आहे. समजा पाच महिने साठलेत आणि पगारवाढीच्या आनंदात तुम्ही राहणी सव्वापट केलीत. खात्यातून पैसाही काढला नाही, तरी पाचाचे चार महिने झाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच, पण अंथरूण मोठं झालं की पाय आपोआप लांब होतात, ही खरी अडचण आहे.

यावर मला लागू पडलेला उपाय माझ्या डोक्यातला नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत प्रयोग केला. कामगारांना आत्ता बचत वाढवायला सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, की पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा तिच्यातला काही भाग परस्पर बचतीत वळवू का? ज्यांनी होकार दिला त्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात न आलेल्या पैशाचं दुःख होत नाही, ही सगळी किमया तेवढ्यावरच. पुढे 2017 मध्ये थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी स्वतःसाठी नियम केला की प्रत्येक वाढीतली निम्मी वाढ माझी आणि निम्मी माझ्या महिन्यांची. निम्मी खर्चायला मिळते म्हणून मनही कुरकुरत नाही.

बाजूला टाकायचे पैसे पगार जमा होईल त्याच दिवशी वेगळ्या खात्यात आपोआप वळते व्हावेत, आणि त्या खात्याचं कार्ड खिशात असू नये. ‘महिनाअखेर उरेल ते टाकू’ म्हणणाऱ्याकडे कधी काही उरलेलं मी पाहिलेलं नाही. त्यात माझी स्वतःची पाच वर्षं धरा.

खर्च लिहायचा का? हो, पण आयुष्यभर नाही. तीन महिने पै न् पै लिहा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरखर्चाची वही आखून दिली, ती पद्धत तिथे आजही चालते, आणि तिचं मर्म हातानं लिहिण्यात आहे. मोबाइलमधलं ॲप खर्च स्वतःच टिपून ठेवतं, मग आपण त्याकडे बघतच नाही. हातानं लिहिताना माणूस थबकतो. माझ्या वहीत दिसलं ते असं, की किरकोळ खर्चावर मी उगाच स्वतःला दोष देत होतो. खरी गळती चार ठिकाणी होती: ऐपतीपेक्षा मोठं घर, गाडीचा हप्ता, कधीच न वापरलेली दोन-तीन सभासदत्वं, आणि क्रेडिट कार्ड. थेंबे थेंबे तळे साचे, पण तळ्याच्या तळाशी एवढं भगदाड असेल तर थेंब मोजून काय उपयोग? मोठे दोन-तीन खर्च एकदाच नीट ठरवा आणि लहानसहान गोष्टींत जिवाला त्रास करून घेऊ नका.

कर्जावर जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ असा एक गोंडस शब्द असतो. ती भरली की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, आपण सभ्य ग्राहक ठरतो. उरलेल्या रकमेवर मात्र व्याज चालूच. महिन्याला तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. ते व्याजावर व्याज धरत गेलं तर वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. मी दीड वर्ष किमान रक्कम भरत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो.

दुसरा सापळा ‘फ्लॅट’ व्याजदराचा. वर्षभराचं कर्ज, दहा टक्के फ्लॅट, बारा समान हप्ते, असं कुणी सांगितलं तर तो दर दहा टक्के नसतोच. दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तो दर जवळपास अठरा टक्के निघतो. कर्ज घेताना ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ एवढा एक प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

साठवणं आधी की फेडणं आधी, हे बरेच जण विचारतात. मी असं केलं: एक महिन्याचा खर्च हाताशी ठेवला, मग सगळा जोर सर्वात महाग कर्जावर, ते संपल्यावर पुन्हा महिने. तो एक महिना ठेवला नाही तर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं.

उसनवारीबद्दल एकच सांगतो. भीड भिकेची बहीण. मी एका जवळच्या माणसाच्या कर्जाला जामीन राहिलो, सही करायला दोन मिनिटं लागली. त्यानं फेडलं नाही आणि पुढचे चौदा महिने मी फेडलं. जामीन राहणं म्हणजे ते कर्ज आपलंच आहे असं समजून सही करणं. तेवढी तयारी नसेल तर नाही म्हणा. कुणी उसने मागितले तर, परत आले नाहीत तरी संबंध बिघडणार नाहीत एवढीच रक्कम त्याच्या हातावर ठेवा आणि विसरून जा.

विम्याचं लवकर उरकतो. आरोग्य विमा पहिल्या पगारापासून हवा, नोकरीवरचा असला तरी स्वतःचा वेगळा, कारण नोकरी जाते त्याच दिवशी तोही जातो. आयुर्विमा कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तरच, आणि तोही साधा मुदतीचा. विमा आणि गुंतवणूक एकाच पुडीत बांधून देणाऱ्याला हात जोडा.

आता गुंतवणूक. तुम्हाला बहुधा हेच आधी ऐकायचं होतं. हाती सहा महिने होईपर्यंत याची घाई नको. पण सुरुवात फार लांबवूही नका, कारण इथे रकमेपेक्षा वर्षं जास्त काम करतात. दोन माणसं घ्या. पहिला वयाच्या 25 ते 35 अशी दहा वर्षं दरवर्षी एक हिस्सा टाकतो आणि मग थांबतो. दुसरा 35 ते 60 अशी पंचवीस वर्षं दरवर्षी तेवढाच हिस्सा टाकतो. परतावा दोघांना सारखा, वर्षाला आठ टक्के. साठाव्या वर्षी पहिल्याच्या दहा हिश्शांचे 99 झालेले असतात आणि दुसऱ्याच्या पंचवीस हिश्शांचे 73. मी हा हिशेब तीनदा करून पाहिला होता, पटतच नव्हतं. अर्थात खऱ्या बाजारात दरवर्षी सरळ आठ टक्के मिळत नाहीत. कधी निम्मं बुडतं, आणि निम्मं बुडाल्यावर मूळ जागी यायला शंभर टक्के वाढ लागते. म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा तिथे नेऊ नये.

72 चा नियम लक्षात ठेवा. 72 ला व्याजदरानं भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते साधारण कळतं. सहा टक्क्यांनी बारा वर्षं. महागाई सहा टक्के असेल तर बारा वर्षांत पैशाची ताकद निम्मी होते, म्हणून सगळाच पैसा बचत खात्यात झोपवून ठेवणंही सुरक्षित नाही. फसवणूक ओळखायलाही हाच नियम. ‘दोन वर्षांत दुप्पट’ म्हणजे वर्षाला 36 टक्के. असा परतावा ठामपणे देणारा माणूस मुळात तुमच्याकडे पैसे मागायला का आला असेल? चार्ल्स पाँझीनं 1920 मध्ये बॉस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आमिष दाखवलं. आधीच्यांना नफा म्हणून मिळत होते ते नंतर आलेल्यांचेच पैसे. शंभरावर वर्षं झाली, युक्ती तीच आहे, फक्त आता ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते.

तुम्ही यशाबद्दलही विचारलं होतंत. त्यावर मोठं बोलण्याइतका मी यशस्वी नाही. पण माझी नोकरी दुसऱ्यांदाही गेली, आठ वर्षांनी. तेव्हा हाताशी सात महिने होते. पहिल्याच आठवड्यात एक नोकरी चालून आली, पगार बरा, काम रटाळ. मी नाही म्हणालो. नाही म्हणताना आवाज थोडा कापला, पण म्हणालो. पुढचे दहा आठवडे एक नवीन काम शिकलो, जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, आणि त्यांच्यातल्या एकीनं नाव सुचवलं म्हणून आजचं काम मिळालं. तिनं का सुचवलं? कारण आम्ही एकत्र काम करताना मी दिलेल्या तारखेला काम देत असे आणि जमणार नसेल तर दोन दिवस आधी सांगत असे. एवढंच. तोच माणूस मी पहिल्या वेळीही होतो, शब्द तेव्हाही पाळत होतो, पण अकरा दिवसांत कुणाच्या शिफारशीची वाट बघता येत नाही. हुशारी, मेहनत, ओळखी यांना फळ धरायला वेळ लागतो आणि ते महिने आपले आपणच साठवावे लागतात.

आता शेवटचा प्रश्न, किती दिवस? 21 दिवसांत सवय लागते असं सगळीकडे वाचायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासलं तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 पर्यंत. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. माझा रविवारचा हिशेब वर्षातून दोन-तीनदा राहून जातो, मग सोमवारी सकाळी करतो. तुमचा पहिला आकडा बहुधा एकाहून कमी येईल. माझा शून्य पूर्णांक छत्तीस शतांश होता. त्या वहीचं पहिलं पान मी अजून फाडलेलं नाही.