डोंगरउतारावरची फवारणी आणि ग्रामसभेचा ठराव

प्रश्न : आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या राखीव वनातील रोपवनात घाणेरी आणि रानमोडी मारण्यासाठी ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले गेले. त्याच उतारावरच्या झऱ्याचे पाणी आम्ही पितो, गुरेही तिथेच चरतात. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला, पण वनजमिनीवर ग्रामसभेचे काही चालत नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. हे खरे आहे का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : सांगितले गेले तितके ते सरसकट खरे नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नुसार, जेथे या कायद्याखालील हक्कधारक आहेत तेथील ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा, तसेच वन्यप्राणी, वन आणि जैवविविधता यांना बाधक ठरणारे काम थांबविण्याचा अधिकार आहे. मेख आहे ती ‘हक्कधारक’ या शब्दात. गावाने वैयक्तिक किंवा सामूहिक दावा कधी दाखलच केला नसेल, तर ठराव कितीही जोरकस असला तरी त्याला या कलमाचा टेकू मिळत नाही. आणि आदिवासी नसलेल्या कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. शिवाय या कायद्याखालील ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. तुमचा ठराव चावडीवर जमलेल्या पंधरा-वीस जणांच्या सह्यांचा असेल, तर तो आधी रीतसर पुन्हा करावा.

फवारलेला उतार कोयना अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हेही नकाशावर पाहून घ्यावे. येत असल्यास, वन्यजीवांना इजा पोचवू शकणारी रसायने तेथे वापरण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३२ मनाई करते, आणि त्यासाठी दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

कर्करोगाच्या मुद्द्यावर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले, तर अनेक देशांच्या नियामक संस्थांना ते मान्य नाही. त्या वादात शिरले की सभेचा दिवस तिथेच मावळतो. त्यापेक्षा खोडून काढता न येणारी गोष्ट अशी की हे तणनाशक निवड करीत नाही. हिरव्या पानावर पडले की ते मुळापर्यंत उतरते, मग पान घाणेरीचे असो, जांभळाच्या रोपाचे असो वा कारवीचे. सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी बी धरण्यापूर्वी जळाली, तर तिच्या जागी पुढची पिढी येत नाही. फवारणीच्या तारखा, मात्रा आणि झऱ्यापासून सोडलेले अंतर यांची माहिती, माहिती अधिकारात अर्ज करून, लेखी मागवावी.

घाणेरी तशीच राहू द्या, असे मात्र ठरावात म्हणू नये, कारण ती काढायलाच हवी. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली काही इंचांवर तोडून झुडूप उलटे ठेवले, की ते सहसा पुन्हा फुटत नाही. हे काम गावातील मजुरांकडून करून घ्यावे, अशी मागणी त्याच ठरावात जोडा. बुलबुल नवे बी आणत राहतात, म्हणून ती एका हंगामापुरती न ठेवता निदान तीन वर्षांसाठी करा.