पेन्सिल्व्हेनियात आईसाठी वैद्यकीय गांजाचं कार्ड कसं काढायचं?

आईंना कॅन्सर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आजाराची अट पूर्ण होते. अमेरिकेतल्या या राज्याचा वैद्यकीय गांजाचा कायदा 2016 चा, कारभार आरोग्य खात्याकडे. आधी खात्याच्या वेबसाइटवर नोंदणी करा. पेन्सिल्व्हेनियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र लागतं. मग डॉक्टरांचा दाखला. कुठलाही डॉक्टर चालत नाही, या योजनेत नोंदलेलाच हवा, आणि तो प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, आजार कार्डासाठी मान्य आजारांच्या यादीत बसतो एवढंच प्रमाणित करतो. नंतर 50 डॉलर फी भरली की कार्ड पोस्टाने घरी. दरवर्षी नूतनीकरण.

आईंना औषध घ्यायला दुकानात जाणं झेपत नसेल तर तुम्ही काळजीवाहक म्हणून वेगळी नोंदणी करा (पार्श्वभूमी तपासणी होते). गोळ्या, तेल, मलम, वाफेने घ्यायचं गांजाचं सुकं फूल मिळतं. चिलीम-सिगारेटसारखं ओढायला मनाई, घरी रोप लावायलाही. विमा पैसे देत नाही.

आता खरी मेख: आई ग्रीनकार्डवर असतील तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. अमेरिकेचा केंद्रीय कायदा राज्याचं कार्ड जुमानत नाही, नागरिकत्वाच्या अर्जात हे अंगाशी येऊ शकतं. आणि उरलेलं औषध भारतात येताना बॅगेत अजिबात नको.