रेघ सरळ येत नाही

"बाबांना काहीतरी छंद लावा हो," खुर्चीत टेकायच्या आतच लेक म्हणाली. वडील ७१ वर्षांचे. उभा जन्म इमारतींचे नकाशे हाताने काढण्यात गेलेला. पत्नी गेल्यापासून दिवसभर टीव्हीसमोर. लेकीने आणून दिलेली रंगवायची पुस्तकं कोरीच पडली होती. "या वयात नवीन काही जमतं का, की मीच उगाच मागे लागलेय?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

छंदाचं नंतर. आधी झोप, भूक, मन. ज्येष्ठांमधलं नैराश्य चाचपण्यासाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. त्यात आवडीची कामं सोडून दिलीत का, असं विचारलेलं असतं. काका म्हणाले, "सोडली नाहीत. सुटली." आणि पेन उचलून दाखवलं. हात थरथरत होता.

त्यांना मी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. हात स्वस्थ असताना दिसणारा कंप पार्किन्सन्सकडे बोट दाखवू शकतो; काही करायला गेलं की येणारा कंप बहुतेकदा वेगळा असतो. काकांचा दुसऱ्या प्रकारचा, 'इसेन्शियल ट्रेमर' निघाला. औषधाने कमी झाला, गेला नाही.

मग मी चुकले. त्यांना चित्रकलेच्या वर्गाला धाडलं. दोनदा गेले आणि थांबले. "तिथे सगळ्यालाच छान म्हणतात. खोटं छान मला कळतं." मी त्यांना रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण दिलं: हस्तलिखितातल्या खाडाखोडीला आकार देता देता ते साठीनंतर चित्रकार झाले, १९३० साली पॅरिसला प्रदर्शन भरलं. काका शांतपणे म्हणाले, "ते टागोर होते." थोरामोठ्यांच्या गोष्टींनी आपल्यालाच हुरूप येतो, समोरच्याला येतोच असं नाही.

हळूहळू लक्षात आलं, अडचण वयाची नव्हतीच. चाळीस वर्षं ज्या हाताने बिनचूक रेघ मारली, त्याच हाताची वाकडी रेघ त्यांना सोसत नव्हती. नवशिक्याला ही लाज नसते. कसलेल्या माणसाला असते. म्हणून मी मोजपट्टी नको म्हटलं आणि लहानपणीचं घर आठवणीतून काढायला सांगितलं. जिथे अचूक माप कुणाकडेच नाही, तिथे चूक काढणार कोण?

पुढच्या भेटीत चार कागद आले. स्वयंपाकघर, माळा, जिना. जिन्याच्या पायऱ्या किती, यावरून धाकट्या बहिणीशी फोनवर तासभर वाद झाला होता. आधी त्यांचं बोलणं महिन्यातून एकदा व्हायचं.

लेकीने विचारलं, याने तब्येत खरंच सुधारते का? २००६ मध्ये अमेरिकेतल्या जीन कोहेन यांच्या अभ्यासात, दर आठवड्याला समूहगान करणाऱ्या ज्येष्ठांनी डॉक्टरकडच्या फेऱ्या आणि पडणं तुलनेने कमी नोंदवलं होतं. पण ती मंडळी आपणहून आलेली, म्हणजे मुळातच जास्त उत्साही असू शकतात; म्हणून मी याला औषध म्हणत नाही. शिवाय गाण्याइतकाच चार माणसांत जाण्याचाही त्यात वाटा असणार. काकांच्या बाबतीत तर मला कागदापेक्षा तो फोन मोठा वाटतो.

काल त्यांनी नकाशा बहिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं: "दादा, खिडकी उलट्या बाजूला काढलीस." काका म्हणाले, "चुकतेय ती. पण आता दुसरी प्रत काढावी लागणार."