दाढेचे औषध आणि नसेचे औषध

अँटिबायोटिक घेतल्याने गर्भनिरोधक गोळी निकामी होते का, हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की त्याचे उत्तर जवळजवळ सवयीने दिले जाते, आणि त्या सवयीपायीच एकदा मोठी चूक होता होता राहिली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिशीतल्या एका स्त्रीने दाढेच्या संसर्गासाठी पाच दिवस अमॉक्सिसिलिन घेतले होते आणि दिवस राहिले असतील या धास्तीने तिची झोप उडाली होती. नेहमीच्या अँटिबायोटिक्समुळे गोळीचा परिणाम कमी होत नाही, मात्र गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली असेल किंवा जोराचे जुलाब झाले असतील तर वेगळा विचार करावा लागतो, असे मी सांगितले. तसे काही झाले नव्हते. ती निश्चिंत होऊन उठली आणि दारापाशी थबकून म्हणाली, "ताई, मग महिनाभर मध्येच डाग का दिसताहेत?"

अमॉक्सिसिलिन तर दहा दिवसांपूर्वीचे होते. मी तिला पुन्हा बसवून सगळी औषधे विचारली, तेव्हा कळले की चेहऱ्यात उठणाऱ्या कळांसाठी ती दोन महिन्यांपासून कार्बामाझेपिन घेत होती. नसेच्या औषधाचा गोळीशी संबंध असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

संबंध यकृतात जुळतो. गोळीतील इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे संप्रेरक मोडण्यात तिथल्या सीवायपी३ए४ या विकराचा (एन्झाइमचा) मोठा वाटा असतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक यकृताच्या पेशींना हे विकर अधिक बनवायला लावतात, त्यामुळे संप्रेरक लवकर संपते आणि कधीकधी डाग हीच त्याची पहिली खूण ठरते. रिफाम्पिसिन घेणाऱ्या स्त्रियांमधील असा रक्तस्राव १९७१ मध्येच नोंदवला गेला होता. सगळ्याच अँटिबायोटिक्सवर आलेला संशय बहुधा या एका अपवादातून पसरला असावा, असे मला वाटते.

नव्या औषधाची अशी शंका असली की दान केलेल्या मानवी यकृतातील पेशी प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांना दोन-तीन दिवस ते औषध देतात आणि विकर किती वाढले हे रिफाम्पिसिनच्या परिणामाशी ताडून पाहतात. इथे उंदराच्या पेशी फसवतात, कारण विकर वाढवणारा पीएक्सआर हा ग्राही, म्हणजे औषध ओळखणारे पेशीतील प्रथिन, त्यांच्यात रिफाम्पिसिनला फारशी दाद देत नाही. मानवी पेशींतही दात्यागणिक फरक दिसतो. त्यामुळे ‘मैत्रिणीला काही झाले नाही’ हा दाखला मी मान्य करत नाही.

"मग दोन-दोन गोळ्या घेऊ?" तिने विचारले. मी नको म्हटले. कार्बामाझेपिन स्वतःहून बंद करू नये, आणि पुढे डॉक्टरांनी थांबवले तरी यकृत पूर्वपदावर यायला सुमारे चार आठवडे लागतात, हेही सांगितले. हे औषध चालू असताना गर्भ राहिल्यास बाळात व्यंगाचा धोका वाढतो, म्हणून त्याच दिवशी तिला चाचणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि तोवर निरोध वापरण्यास सांगितले. चाचणी नकारात्मक आली, तीन आठवड्यांनी केलेलीही. त्यानंतर तिने तांबी बसवून घेतली, कारण तांबीचे काम यकृतातील विकरांवर अवलंबून नसते. कळांचे औषध चालूच राहिले.

अमॉक्सिसिलिनविषयीचे माझे उत्तर मात्र बदलावे लागले नाही.