फायरफॉक्स पुन्हा तिथूनच का येतो? आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचं छपाईचं दुकान आहे. उबुंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम वापरतो. स्नॅप (उबुंटूची प्रोग्रॅम बसवायची वेगळी पद्धत) नको म्हणून आधी मोझिला टीमचा पीपीए (उबुंटूबाहेरचं जोड-भांडार) घेतला, नंतर थेट फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा रेपो, म्हणजे पॅकेजेसचं भांडार, जोडला. कुठल्या भांडाराला प्राधान्य द्यायचं ते सांगणाऱ्या दोन्हींच्या नियमांच्या फायली ठेवल्यात. तरी फायरफॉक्स पीपीएतूनच येतो. काढून पुन्हा टाकू का?

उत्तर : नको. परत टाकलंत तरी तेच येईल, कारण नियमांच्या फायली जागच्या हलत नाहीत. आधी टर्मिनलमध्ये 'एपीटी-कॅश पॉलिसी फायरफॉक्स' चालवा. 'कँडिडेट'समोर दिसेल तीच आवृत्ती बसणार. त्याखालच्या तक्त्यात प्रत्येक आवृत्तीला एक आकडा असतो, तो तिचा अग्रक्रम. तीन चांदण्या असतात त्या सध्या बसलेल्या आवृत्तीला.

तुमच्याकडे पीपीएला १००१ आणि मोझिलाला १००० असे आकडे दिसतील. त्या दोन्ही रेपोंसाठी सहसा हेच लिहायला सांगतात. एपीटी, म्हणजे पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम, अग्रक्रम आधी बघतं, आवृत्ती नवी की जुनी हे नंतर. भांडण एवढ्या एका आकड्याचं आहे.

इतके मोठे आकडे उगाच नाहीत. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातलं फायरफॉक्स नावापुरतं आहे, ते स्नॅपच आणून बसवतं. त्याच्या आवृत्तीची सुरुवात '१:' अशी असल्यामुळे मोझिलाची ताजी आवृत्तीसुद्धा त्यापुढे जुनी ठरते. नेहमीच्या ५०० वर दोघं समान आले की स्नॅपवालंच जिंकतं. 'जुन्या' आवृत्तीवर उतरायला एपीटी १००० किंवा त्याहून जास्त अग्रक्रम मागतं, म्हणून मोझिलाचा १००० तसाच राहू द्या.

'/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी' मधून पीपीएची फाइल बाहेर काढा, सोर्समधून (भांडारांच्या यादीतून) पीपीए काढा, 'एपीटी अपडेट' करा आणि पॉलिसी पुन्हा बघा. कँडिडेट मोझिलाचा दिसला की मगच इन्स्टॉल.

प्रश्न : उद्यमनगरात मशीनशॉप आहे. ऑफिसच्या डेबियन १२ (बुकवर्म) या लिनक्सला नव्या नेटवर्क कार्डासाठी बॅकपोर्ट्समधला (नव्या आवृत्त्यांच्या जादा भांडारातला) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, हवा. सगळ्या पॅकेजेसना बॅकपोर्ट्स ९०० असा नियम '.टीएक्सटी' फायलीत लिहिला, पण काहीच बदललं नाही.

उत्तर : बदललं नाही तेच बरं झालं! नियमांच्या 'प्रेफरन्सेस.डी' फोल्डरमध्ये फक्त विनाविस्तार किंवा '.प्रेफ' विस्ताराच्या फायली वाचल्या जातात. तुमची वाचली गेली असती, तर कर्नलसोबत बॅकपोर्ट्समध्ये असलेलं बाकीचंही सगळं ओढलं गेलं असतं. इथे नियमाची गरजच नाही. बॅकपोर्ट्सचा मूळ अग्रक्रम १०० असतो, म्हणजे मागितल्याशिवाय तिथून काही येत नाही, मात्र मागून घेतलेल्याची पुढची अपडेट्स येत राहतात. 'एपीटी इन्स्टॉल'ला '-टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स' जोडून फक्त कर्नल घ्या, आणि ती फाइल पुसून टाका.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये सगळीकडे उबुंटू आहे. काही मशीनवर अपडेट आलं, काहींवर 'केप्ट बॅक' (मागे ठेवलं) दिसतं. सेटिंग बिघडलं का?

उत्तर : आधी 'एपीटी-मार्क शोहोल्ड' बघा, कुणीतरी धरून ठेवलेलं पॅकेज तिथे दिसेल, ते 'अनहोल्ड'ने सोडा. यादी रिकामी असेल तर बहुधा बिघाड नाही. उबुंटू काही अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडतं आणि कोणत्या मशीनचा नंबर कधी हे त्या मशीनच्या आयडीवरून ठरतं. तक्रारी आल्या तर पुढचे टप्पे थांबवता यावेत, हा हेतू. पॉलिसीच्या तक्त्यात 'फेज्ड' आणि टक्केवारी दिसली तर थांबा. सगळी मशीन एकसारखीच हवी असतील, तर 'एपीटी::गेट::नेव्हर-इन्क्लूड-फेज्ड-अपडेट्स' ट्रू करा. परीक्षेच्या दिवसांत मी हाच पर्याय सुचवेन.