जीवनशिक्षणाचा तास घेण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

कर्नाटकातल्या निपाणी भागातील माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना आरोग्य व जीवनशिक्षणाचे तास तुझ्याकडे आले, हे वाचून आनंद झाला. या विषयाला गुण नाहीत, तेव्हा मुले लक्ष देतील का, असे तू विचारले आहेस. मुले लक्ष देतील, कारण या विषयातील बहुतेक गोष्टी त्यांच्या घरी रोज घडत असतात. अडचणही नेमकी तीच आहे. घराविरुद्ध मुलाला उभे न करता बोलायचे, आणि घरच अपाय करत असेल तेव्हा मात्र मागे हटायचे नाही, या दोन्ही गोष्टी तुला एकाच वर्गात सांभाळायच्या आहेत.

तंबाखूचा पाठ लवकरच येईल. तुझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी कोणाची आई वखारीत तंबाखू निवडत असेल, कोणाची घरी विड्या वळत असेल, कोणाच्या वडिलांचे सोसायटीचे कर्ज तंबाखूच्या पिकावर फिटत असेल. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत शेतकऱ्यांनी आंदोलन केले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली; तुझ्या काही विद्यार्थ्यांचे आजोबा त्या आंदोलनात असतील. अशा वर्गात ‘तंबाखू म्हणजे विष’ असे फळ्यावर लिहून सुरुवात केलीस, तर मूल एक तर आईच्या कामाची लाज धरेल, नाही तर तुझे ऐकणे सोडून देईल.

म्हणून सुरुवात कामापासून कर. वखारीतली धूळ नाकातोंडात जाते, तेव्हा तोंडाला फडके का बांधायचे, ते सांग. दंवाने ओली झालेली पाने हाताळताना निकोटिन कातडीतून अंगात शिरते आणि मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. हे पित्त समजून सोडून दिले जाण्याची शक्यता मोठी. पानांवरचे दंव सुकल्यावर शेतात जावे, अंगभर कपडे घालावेत, काम आटोपताच साबणाने हातपाय धुवावेत, एवढे घरी जाऊन सांगता येईल असे ज्ञान मुलाला मिळाले, तर पाठ घरात मानाने शिरतो. लहान अंगाला तेच निकोटिन अधिक बाधते, म्हणून मुलांना तंबाखूच्या कामाला लावू नये, हे मात्र मुलांच्या तोंडून घरी पाठवू नकोस. ते पालकसभेत तू स्वतः बोल.

मग माव्याकडे वळ, आणि तिथे भीड ठेवू नकोस. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी घातली, तरी पानटपरीवर सुपारी, चुना आणि तंबाखू चोळून माव्याची पुडी बांधून देणे थांबलेले नाही. सर्व मुलांना हात धुवायला लाव आणि स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते पाहायला सांग. वर्गात हशा पिकेल, तो पिकू दे. ज्याची बोटे जात नाहीत त्याचे नाव न घेता, मधल्या सुट्टीत त्याला बाजूला बोलावून दंतवैद्याकडे पाठव. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, आणि त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. ‘मी नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही’ असे म्हणणारा एखादा भेटेलच, आणि हा धोका त्यालाही आहे. शाळेजवळची टपरी हा मुख्याध्यापकांचा प्रश्न आहे: शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे.

पाळीचा आणि लोहाच्या गोळ्यांचा पाठ तुलनेने सोपा जाईल. आठवड्याची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर चहा पिऊ नये, शौचाला काळसर झाली तर घाबरू नये, हे आधी सांगितले नाही तर गोळ्या खिडकीबाहेर पडतात. पाळीचा तास मुलगे आणि मुली यांना एकत्रच बसवून घे. मुलग्यांना बाहेर काढले की चेष्टेला तेवढेच निमित्त मिळते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो, ते सांगतो. तास संपल्यावर एखादी मुलगी, किंवा मुलगाही, मागे रेंगाळेल आणि म्हणेल, ‘बाई, कोणाला सांगणार नसाल तर एक सांगते.’ ‘नाही सांगणार’ असे वचन कधीही देऊ नकोस. ‘तुला जपण्यासाठी ज्यांना सांगणे भाग आहे, तेवढ्यांनाच सांगेन’ असे म्हण आणि मग ऐक. मध्येच प्रश्नांची सरबत्ती करू नकोस. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. घराण्याची अब्रू, गावातली वजनदार माणसे, संस्थाचालकांचे ‘आपसात मिटवू’, यांपैकी कशालाही त्या कायद्यात जागा नाही. आपल्या भागासाठी एक तरतूद विशेष लक्षात ठेव: जबाब मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंदवला जात असेल, तर दुभाषा द्यावा लागतो. घरी मराठी बोलणारी मुलगी घाबरलेल्या अवस्थेत कन्नड कागदावर मान डोलावेल. तेव्हा दुभाषा तू मागून घे. जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असेही कायदा सांगतो. संकटातल्या मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मराठी व कन्नड दोन्हीत लिहून ठेव.

लग्न ठरल्याची बातमीही अशीच हलक्या आवाजात येते. बालविवाह मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने झालाच नाही असा, ठरवणारी कायद्यातील दुरुस्ती कर्नाटकाने केलेली आहे. त्यामुळे ‘एकदा झाले की झाले’ हे आईवडिलांचे म्हणणे इथे टिकत नाही, हे त्यांना शांतपणे, शक्यतो अंगणवाडीच्या बाईंना सोबत घेऊन समजाव.

वेळापत्रकाबद्दलही सांगून ठेवतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास तुझ्या माथी मारतील, तो घेऊ नकोस. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास माग, म्हणजे ज्याला मागे थांबायचे आहे त्याला जेवणाच्या निमित्ताने थांबता येईल.

तुझा,
सर